उलटा आलेला नक्षा

“जप चालू असताना कान आवर,” माझी आई सांगायची. पण बालाघाटच्या बसस्टँडवर माझा जप चालू होता आणि मागेच एक भाऊबहीण बोलत होते.

“समीक्षा, दार वाजलं की पेटणारा आईचा दिवा झाला?”

“नाही, मोहितदादा. सर्किटची पाटी लेझरनं कोरली, पण नक्षा उलटा आला.”

“काहून?”

“कागदावरचा नक्षा इस्त्रीनं तांब्यावर उतरवतो, तवा कागदावर उलटाच लागते. सवयीनं लेझरलेही तसाच देल्ला.”

“मंग आरशात पाहून जोड!”

“हसू नको. काल मामा दार ठोकून परत गेले. आईले ऐकूच आलं नाही. लय रडली.”

“उद्या कर. आपली कटंगीची बस लागली.”

“आज लावून देतो म्हटलं तिले. तू जाय.”

तिनं पिशवीतून तांब्याची कोरी पाटी काढली, ओढणीनं पुसली आणि कॉलेजच्या वर्कशॉपकडे वळली.