मेणाचं डोकं

आमचे दादा, म्हणजे वडील, कोणावरच भरवसा ठेवत न्हाईत. गुडघे पार गेलेत, पण ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणतात, "डॉक्टर उगंच कापाकापी करतात."

मागं आम्ही भोकरदनहून गोव्याला गेल्तो. तिथल्या जुन्या चर्चमध्ये चांदीच्या पेटीत एका संताचं शरीर जपून ठेवलंय. दादा म्हणाले, "आत कोणी बघितलंय? पुतळा असंल."

बाहेर एक बाई नवसाचे मेणाचे हातपाय, डोकी विकून राह्यली होती. जे दुखतं, ते वाहायचं. आईनं त्यातलं एक मेणाचं डोकं उचललं.

दादांना लगेच संशय आला. "कोणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"अगं, दुखतो तर गुडघा!"

"गुडघा डॉक्टर बघतील वो. आधी हे बरं होऊ द्या."

दादांनी ते डोकं हातात घेतलं, उलटंपालटं केलं अन् त्या बाईला विचारलं, "मेण तरी अस्सल हाय ना?"