उन्हात वाळवलेली चिप

चंद्रपूरला आरिफभाईंच्या दुकानात मी दुरुस्तीचा टीव्ही न्यायला थांबलो होतो. शेजारी राइस मिलवाले खुशालभाऊ सारखे उठत-बसत होते.

"निघालं काय चिपमधलं, आरिफभाई?"

"कॉम्प्युटर वाचून राह्यला, पण सगळं कोरं हाय. चिपवरचं स्टिकर कुठी गेलं?"

"काढलं. वजनकाट्यात पाणी गेलतं ना, चिप धानावानी आठ दिवस उन्हात वाळवली."

"अरे भाऊ! स्टिकरखाली काच असते. तिच्यातून ऊन गेलं का आतला प्रोग्राम पुसते!"

"मंग आता?"

"असाच काटा दुसऱ्या कोणाकडं हाय?"

"एटापल्लीच्या कुलदीपकडं."

"मंग काऊन घाबरता? त्याची चिप आना, कॉपी मारून देतो."

"त्याच्याही काट्यात पाणी गेलतं."

"मंग?"

"त्याले फोन करून उपाय मीच सांगतला."