तिच्याभोवती तीच

(घरामागचा बांध, पलीकडे समुद्र. भावजी आणि त्यांच्या दिवंगत बायकोची धाकटी बहीण. ती वनस्पतींच्या प्रयोगशाळेत काम करते.)

मेहुणी: कीड नाही, बुरशी नाही, मातीतही खोट नाही. पानं दोनदा तपासली, भावजी. झुडपं ठणठणीत आहेत.

भावजी: ठणठणीत आहेत तर फळ का धरत नाहीत? फुलं बघ की, सगळा बांध पांढरा झालाय. आठवड्यात सगळी गळून जातील.

मेहुणी: एवढी झुडपं आणलीत कुठून?

भावजी: आणतोय कुठून? हे पायरीजवळचं दिसतंय ना, ते तुझ्या ताईनं लावलेलं. ती गेल्यावर त्याच्याच फांद्या खोचत गेलो, पार त्या टोकापर्यंत. दुसरा उद्योग काय होता मला?

मेहुणी: तरीच. सगळ्यांची जनुकं तंतोतंत एक निघाली. बघायला बांधभर झुडपं, पण आत झाड एकच.

भावजी: मग बरंच झालं की. मला तेच हवं होतं.

मेहुणी: झुडपाला नको होतं ना पण. या जातीला स्वतःचे परागकण चालत नाहीत, दुसऱ्या झुडपाचे लागतात. मधमाश्या बिचाऱ्या दिवसभर राबतात, आणि एकाच झाडाचे त्यालाच नेऊन देतात.

भावजी: काहीतरीच. ताई होती तेव्हा टोपल्या भरायच्या. तेव्हाही तिचं झुडूप एकटंच होतं.

मेहुणी: एकटं कुठं? बांधावर याच जातीची रानटी झुडपं होती, काटेरी, वेडीवाकडी. माझे दोन फ्रॉक फाडलेत त्यांनी. ती कुठं गेली?

भावजी: चहा टाकू का तुला?

मेहुणी: भावजी.

भावजी: उपटली मी. तिच्या फांद्यांना जागा हवी होती.

मेहुणी: सगळी?

भावजी: सगळी. मुळापासून. मग फळं यायची बंद झाली, तर मला वाटलं, तिच्यामागं झाडही झुरतंय. खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटायचं. आपल्याला कुणीतरी सोबत आहे म्हणून. आणि त्याची सोबत मीच उपटून बसलो होतो.

मेहुणी: तुम्हाला काय ठाऊक. पण मला विचारायचं तरी. फोन केला की ‘सगळं ठीक’ म्हणता आणि ठेवून देता.

भावजी: तुझा आवाज फोनवर तिच्यासारखा येतो. जास्त बोलवत नाही गं.

मेहुणी: पलीकडच्या खाडीवरून एक रोप आणलंय मी. गाडीत आहे.

भावजी: परकं?

मेहुणी: जात तीच. घराणं तेवढं वेगळं.

भावजी: नको. मग फळ तिचं कसं राहील? चव आठवेनाशी झालीय मला. जिभेवर येतेय म्हणेपर्यंत जाते. आलं तर तेच फळ यावं, भलतंच नको.

मेहुणी: ऐका तर. फळाचा गर त्या झुडपाचा स्वतःचाच असतो. बाहेरचं मिसळतं ते बीमध्ये. चव ताईच्याच झुडपाची लागेल.

भावजी: माझी समजूत घालायला नाही ना सांगत?

मेहुणी: तुमची समजूत घालणं ताईला जमलं नाही, मला काय जमणार? खरंच सांगतेय.

भावजी: आणि बी? उद्या त्यातून रोप उगवलं तर?

मेहुणी: ते अर्धं आपल्या झुडपाचं, अर्धं बाहेरचं.

भावजी: अर्धं.

मेहुणी: हो.

भावजी: आम्हाला मूल झालं असतं तर त्यातही ती अर्धीच असती. तेवढ्यावर खूश असतो मी.

मेहुणी: ती पण. मला म्हणाली होती.

भावजी: हं.

मेहुणी: आणू का रोप?

भावजी: आण. मी खड्डा खणतो. पण अगदी खेटून नको, जरा लांबच लावू. नव्या माणसाशी बोलायला तिला वेळ लागायचा.