अक्रोडातल्या मिशा

शिवाजी पेठेतल्या विनिअरच्या दुकानात उदयसिंह स्वतःसाठी राखून ठेवलेली अक्रोडाच्या लाकडाची शेवटची जोडी न्यायला आले होते. दुकानदाराने लाकडाचे ते दोन पातळ पत्रे पुस्तकाच्या पानांसारखे उलगडून मांडले. आरशात पाहावी तशी नक्षी जुळली. शेजारी उभ्या असलेल्या वृद्धेने सुनेचा दंड धरला.

“वर्षा, आमचं मालक की गं ह्ये!”

“आत्या, मामंजींना जाऊन दोन वर्सं झाली. लाकूड हाय त्ये.”

“मिशा बघ की!”

“त्येंची डावी मिशी कायम खाली असायची. ह्या सारख्या हायत.”

“वर चांगला न्हावी गावला असंल.”

“बरं, टीव्हीच्या मागं लावूया.”

“मागं नगं! समोरच्या भितीला लाव. फुटबॉलची मॅच दिसाय नको व्हय त्येंस्नी?”

दुकानदाराने उदयसिंहांकडे बोट दाखवले.

“पर ह्ये या पावण्यांनी घेतलंय, आत्या.”

“व्हय का? पावणं, तुमी कुठं लावणार?”

उदयसिंहांच्या सुसंस्कृत अभिरुचीला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता.

“चपलांच्या कपाटाला.”

“ह्येंस्नी? चपलांच्या?”

उदयसिंहांनी त्या मिशांकडे एकदा पाहिले आणि ते दुकानदाराकडे वळले.

“मला दुसरं दाखवा. बिनमिशांचं.”