सातावर झालेलं मतदान

—नाही हो डॉक्टरसाहेब, चूक तुमच्या यंत्राची नाही. सोळाही बायकांचा आकडा सारखाच आला, एवढ्यासाठी ला पाझहून तीन बस बदलून परत या ढिगाऱ्यावर आलात? बसा. त्या दगडावर नको, तो फोडायचाय — या पोत्यावर बसा. कोकाची पानं घ्या, चघळा, नाहीतर या उंचीवर डोकं धरेल. हो हो, तुमच्या अभ्यासात पानांना बंदी, माहीत आहे. पण बंदी आम्हाला होती, तुम्हाला कुठे?

आता ऐका. आम्ही सोळाजणी, आमची एक सहकारी संस्था. खाणीने फेकलेला दगड फोडायचा, कथील वेचायचं, दिवस मावळला की एका चादरीत ओतायचं आणि सारखं वाटून घ्यायचं. मग तुम्ही आलात गोळ्यांच्या सोळा डब्या घेऊन — आठांत औषध, आठांत नुसतं पीठ, आणि कशात काय ते कुणालाच ठाऊक नाही. असंच ना? मग आम्ही दुसरं काय करणार? ओतल्या चादरीत, कालवल्या, वाटल्या. तोंड का पडलं तुमचं? आमच्यातल्या बिचाऱ्या बासिलियाने महिनाभर पीठ गिळायचं आणि औषध माझ्या पोटात — हा कुठला न्याय? शास्त्राचा असेल. आमच्यात त्याला चोरी म्हणतात.

आणि आकडा — हाताचं दुखणं किती, शून्य ते दहा — हे तुम्ही विचारलंत नेमकं सोमवारी, आमच्या सभेच्या दिवशी. सभेत आलेला प्रश्न आम्ही मताला टाकतो. कुणी नऊ म्हणे, कुणी पाच, दोघी तर भांडल्याच. शेवटी सात मंजूर, अकरा विरुद्ध पाच. महिन्याने चार केला, तो मात्र एकमताने. माणूस एवढ्या लांबून आलेला, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?

सातच का, हे नाही विचारलंत. शिकलेल्या माणसाला नेमकं तेच सुचत नाही! अहो, आठ म्हटलं म्हणजे हात गेला. आणि जिचा हात गेला तिची जागा दुसरीला — नियम आहे, आमचाच, मीही हात वर केला होता तेव्हा. खाली गावात चाळीस विधवा वाट बघतायत. आणि तुमच्या कागदाची एक प्रत संस्थेकडे येते ना? आमची सचिव, प्लासिदाबाई, चष्मा लावून ओळ न् ओळ वाचते.

तुम्ही चित्र काढून दाखवलं होतंत — पाठीच्या कण्यात दुखण्याचं दार असतं, गोळी ते लोटून घेते. छान होतं हो चित्र. माझं दार बिजागरीसकट गेलंय — नाही, थट्टा केली. माझा चारच. चारच लिहा. काय बघताय? हा फडका? थंडीसाठी बांधलाय मनगटाला. अहो, सोडू नका — सोडू नको म्हटलं ना, बाळा! हातोडा बांधलाय त्याने. बोटं मिटत नाहीत. कार्निव्हलपासून. चिचाचा, मक्याच्या दारूचा पेला मी दोन्ही हातांनी धरला होता, सगळ्यांना वाटलं म्हातारीला चढली. मीही तसंच डुलले, नाचले — काय करणार? खरा आकडा? तुझे आकडे दहाला संपतात, तो काय माझा दोष?

काय लिहितोयस? खोड. खोड ते! प्लासिदाबाई येतेय — हस, माझ्याबरोबर हस — अहो बाई, डॉक्टरांना तेच सांगत होते, हात कसा लोण्यासारखा चाललाय!

…गेली. खोडलंत? नीट खोडा, अजून वाचता येतंय. हं. आता निघा. नाही, मलम नको, काही नको. निघा म्हणते ना. मला हातोडा मारायचाय, आणि परक्या माणसासमोर ओरडायची लाज वाटते.