नव्या पिंपाची चव

इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या एका खेड्यातल्या पबमध्ये मिस ओकली सूपची वाट पाहत होत्या. काउंटरपाशी, पबची मालकीण डोरा हिच्यासमोर, सुट्टीवर आलेलं एक वयस्क जोडपं उभं होतं. नवऱ्याच्या हातात पब आणि बिअरच्या नोंदींची वही होती.

“विनी, तू आपलं लिंबू सरबत घे. बिअर पारखणं येरागबाळ्याचं काम नव्हे. बाई, नव्या पिंपातली तुमच्या गावची बिअर द्या.”

“थांबा हं. आधी विनी चाखेल, मगच पाहुण्यांना. घे गं, तुझा नेहमीचा बिअरचा मग खुंटीवरून काढून ठेवलाय.”

“हिचा मग? अहो, ही थेंबालाही शिवत नाही!”

“अजून कच्ची आहे, डोरा. दोन दिवस मुरू दे.”

“बरं. गेल्या उन्हाळ्यातही तुझंच खरं ठरलं.”

“गेल्या उन्हाळ्यात? विनी, वीस वर्षं आपण इथे सुट्टीला येतोय. मी पब पालथे घालायचो, तेव्हा तू काय इथे यायचीस?”

“पहिल्याच वर्षी तू या पबवर फुली मारलीस, डेस्मंड. म्हणून इथे निवांत वाटायचं.”

“अगं, पण तू तर चर्चमधली फुलं बघायला जायचीस!”

“तू एकदाही सोबत आला नाहीस. त्या चर्चला तेरा वर्षं कुलूप आहे.”