तिघांची बोली

बाई : चुकीची आहे असं नाही म्हणत मी. एवढंच म्हणतेय, की तुमची ही खुणांची भाषा अख्ख्या जगात तिघांनाच येते.

वडील : दोघांना. पोरीची आई मागच्या थंडीत गेली.

बाई : हो, आत्याबाई बोलल्या मघाशी. माफ करा.

आत्या : माफी कसली, बाई. या दोघांना तरी कुठे धड येते? पोरगी हातवारे करणार, हा मान हलवणार, संपली बोलणी. घरात दिवसदिवस आवाज म्हणून नाही. मी गेले की मुद्दाम भांडी आपटते, माणसांचं घर वाटावं म्हणून.

वडील : ताई, पुरे.

आत्या : पुरे काय? अकरा वर्षांची घोडी झाली. तेव्हाच या बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातली असतीस, तर आज ही वेळ आली असती का?

बाई : म्हणजे आधी आणलं होतं इथे?

वडील : पाच वर्षांची होती. फाटकाशी आईचा हात सोडेना. तेव्हाच्या बाई म्हणाल्या, रडू द्या, आठवड्यात विसरतात सगळी. हिच्या आईला ते ‘विसरतात’ फार लागलं. म्हणाली, आपण काय मेलोय का, पोर दुसऱ्यांच्या हवाली करायला? तशीच उचलली आणि घरी. मीही काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं.

बाई : मग घरी शिकवलं कोणी?

वडील : तिनेच. ती शिवणकाम करायची. माझं सोफे-खुर्च्यांचं, जुनं भरण काढायचं, नवं घालायचं, वर कापड ताणून ठोकायचं. एकाच खोलीत दोघांचं काम. माझ्या तोंडात दिवसभर खिळे. बायकोशी बोलायचं तरी हातानेच बोलायचो. कात्री दे, हे धर, जरा सरक. पोरगी मधे बसलेली असायची. तिला सगळं कळायला लागलं. आम्हाला वाटलं, जमतंय की आपल्याला. शाळेत वेगळं काय करणार आहेत?

बाई : बरंच जमलंय, खोटं कशाला बोलू. मी तिला टेप दिली, तर हे टेबल मोजून कापड किती लागेल ते तिने आकड्यांत लिहून दाखवलं. दुमडायचं जास्तीचंही धरलं होतं. माझ्या वरच्या वर्गातल्या मुलांना ते सुचत नाही.

वडील : ते आईचं. कापड कमी पडलेलं तिला खपायचं नाही.

आत्या : डोळे मिटून नुसतं हात लावून सांगते हो, सुती आहे की भेसळ आहे. मला दुकानदाराने फसवलं होतं ते हिनेच पकडलं.

बाई : पण मग मी तिला काल काय केलंस विचारलं. चित्रं काढली, सूर्य दाखवला, नाना तऱ्हा केल्या. ती नुसती बघत बसली. तुमच्यात ‘काल’ला खूण आहे?

वडील : झालेलं काम असं खांद्यावरून मागे टाकतो आम्ही. तेच काल.

बाई : आणि उद्या?

वडील : उद्याची कधी गरज पडली नाही. उठलं की कामालाच लागायचं.

बाई : राग म्हणजे काय, भीती म्हणजे काय, खरं-खोटं? डोळ्यांना दिसत नाही असलं काही?

वडील : तोंडावरून कळतंच ना, बाई. तिला काय हवं ते तिने हात उचलायच्या आधी आईला समजायचं. पाणी आणून पुढ्यात ठेवलेलं असायचं.

बाई : तिथेच झालं ना. तुम्ही दोघं इतके पटकन समजून घ्यायचात, की तिला सांगायची वेळच आली नाही.

वडील : म्हणजे आम्ही शिकवायच्या लायकीचे नव्हतो. सरळ बोला, मला चालेल.

बाई : लायकीचं नाही बोलत मी. त्या खोलीत जेवढं होतं तेवढं सगळं तुम्ही तिला दिलंत. खोलीच्या बाहेरचं राहून गेलं. बरं, मला एक खूण विचारायची होती. सकाळपासून ती सारखी करतेय, मला केली, शिपाईमावशींना केली, वर्गातल्या मुलींनाही केली. आधी बोटाच्या टोकावर असं काहीतरी चढवल्यासारखं.

वडील : ती आई. शिवताना बोटात टोपी घालायची ना, ती.

बाई : मग हनुवटीला बोट लावते.

आत्या : ती मी. हा तीळ आहे ना, त्यावरून. नशीब माझं, दातांवरून नाही ठेवली.

बाई : आणि मग दोन्ही हात असे उघडे धरून समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहते. आई, आत्या, आणि मग हे. मला वाटलं, दोघींची नावं सांगतेय. पण नावं सांगणारं मूल असं बघत नाही.

आत्या : आई आणि मी? आमचा काय संबंध? सांग की रे.

वडील : काही नाही.

आत्या : बाळू, मी तुला लहानपणापासून ओळखते. काय आहे ते बोल.

वडील : ती विचारतेय, आई आत्याकडे आहे ना म्हणून.

आत्या : माझ्याकडे?

वडील : दवाखान्यातून परस्पर स्मशानात नेलं ना आपण. हिला शेजारी ठेवलं होतं. मी परत आलो तर दारातच उभी. टोपीची खूण केली आणि माझ्या मागे बघायला लागली, आई येतेय का. मी काय सांगू तिला? आमच्यात त्याला खूणच नव्हती. आम्ही केलीच नव्हती कधी. आजारी पडली की ती तुझ्याकडे चार दिवस राहायला यायची, तेवढी एक खूण होती. तीच केली. म्हटलं, आजची वेळ निभावून नेऊ. उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तिने परत विचारलं. परत तेच सांगितलं.

आत्या : अरे देवा.

वडील : मग रोजच.

आत्या : म्हणून. माझ्या घरी पाऊल टाकलं की आधी कपाटं उघडते. पलंगाखाली वाकून बघते, न्हाणीचं दार ढकलते. मी सगळ्यांना सांगत सुटले, बिनआईची पोर चोरटी झाली म्हणून. हातावर फटका दिला रे मी तिला. मागच्या खेपेला चावली मला. तिला वाटतंय, मी तिची आई कोंडून ठेवलीय.

बाई : बसा, आत्याबाई. पाणी घ्या.

आत्या : मला नको पाणी. हा माणूस बघा, एवढे महिने माझ्या समोर बसून जेवला, एक अक्षर बोलला नाही.

वडील : कसा बोलणार होतो?

बाई : हे बघा, आज तुम्ही तिला इथे ठेवून जाणार आहात. तिचं अंथरूण वर लावलंसुद्धा आहे. तिला काय वाटेल याचा विचार करा. आईला आत्याकडे ठेवलं, आता मला इथे ठेवलं. ती रोज फाटकाशी उभी राहील. तुम्ही जायच्या आधी तिला कळायला हवं.

वडील : तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेल्या आहात या कामाचं.

बाई : माझी एकही खूण तिला अजून कळत नाही. महिने लागतील त्याला. आज तिच्याशी बोलू शकेल असं माणूस एकच आहे.

वडील : आणि त्या माणसाकडे शब्द नाही. मग राहू दे. घेऊन जातो परत. खोली आहे, काम आहे, दोघांचं भागतंय.

आत्या : नाही न्यायची.

वडील : ताई, तुला काय त्याचं?

आत्या : मला नाही तर कोणाला? उद्या तू गेलास तर तिला कोण सांगणार आहे? ती माझ्याच दारात येईल. आईला शोधेल, मग बापाला शोधेल. मी म्हातारी कपाटं उघडून दाखवत बसू? माझ्यात नाही तेवढा जीव. तिच्यासाठी नाही जमत तर माझ्यासाठी सांग.

वडील : सांगितलं की ती माझ्यावर कधी विश्वास ठेवणार नाही. रोज खोटं सांगितलंय मी तिला.

बाई : रागावेल. मारेलही तुम्हाला. मी बाहेरच थांबेन.

वडील : आता दुसरं कोणी आहे का मला तिच्याशिवाय? तिचा राग घेऊन मी घरी जाऊन काय करू, सांगा. मुकी खोली आहे ती.

आत्या : मी येईन तुझ्याकडे. भांडी आपटायला.

(काचेपलीकडच्या वर्गात पोरगी एकटीच बाकावर उभी राहून इकडे बघते आहे.)

वडील : तुमच्यात याला काय करतात, बाई?

बाई : कशाला?

वडील : मेली, याला.

बाई : तळहात असा वर धरायचा, उघडा. मग सावकाश पालथा करायचा, आणि तिथेच थांबायचं. करून बघा.

वडील : असा?

बाई : जरा स्थिर धरा.

वडील : धरतोय. राहत नाही. इतकी वर्षं खिळे ठोकले, कधी हलला नाही हा हात.

बाई : बसा जरा. घाई नाही.

वडील : नको, आत्ताच बोलवा. बसलो तर उठणार नाही मी. पण बाई, हात असाच थरथरत राहिला तर तिला वाटेल, हा शब्द असाच करायचा असतो.

बाई : वाटू दे. आम्हीही तिच्याशी तो तसाच करू.